झेनॉनचा झोत आणि पायी चालणाऱ्याचा हक्क

मोटार अपघात न्यायाधिकरणासमोर काम करताना एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते साक्षीदाराच्या तोंडून निघण्याआधीच मला कळते. "साहेब, समोरून पांढऱ्या लाईटची गाडी आली. डोळ्यांपुढे अंधारी आली. मला काहीच दिसलं नाही." हे वाक्य कधी ट्रकचालकाचे असते, कधी टेम्पोवाल्याचे. आणि त्याच क्षणी त्याच्या चाकाखाली जो सापडतो तो बहुधा पायी चालणारा किंवा सायकलवरचा असतो.

अशाच एका दाव्यात मी मयताच्या पत्नीच्या वतीने उभा होतो. नवरा साखर कारखान्यातली पाळी संपवून रात्री सायकलवरून घरी येत होता. मागून टेम्पो आला आणि सगळे संपले. टेम्पोवाल्याने वरचेच वाक्य सांगितले. विमा कंपनीच्या वकिलाने सायकलला मागे रिफ्लेक्टर नव्हता, हा मुद्दा उचलून मयतालाच अर्धा दोषी ठरवण्याचा प्रयत्न केला. दावा अखेर मंजूर झाला, थोडी कपातही झाली. निकालाची प्रत हातात घेऊन त्या बाईंनी मला विचारले, "वकीलसाहेब, ज्याच्या लाईटीनं टेम्पोवाल्याचे डोळे गेले, त्याचं नाव ह्या कागदात कुठंच कसं नाही?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. फिर्यादीत ती गाडी नव्हती, पंचनाम्यात नव्हती, दोषारोपपत्रात नव्हती. ती झोत टाकून निघून गेली. तिच्या चालकाला आपल्या मागे काय घडले याचा पत्ताही नसेल! आजचा लेख त्या नाव नसलेल्या गाडीविषयी आहे. कारण ती गाडी उद्या तुमची किंवा माझीही असू शकते.

जास्त उजेड म्हणजे चांगला उजेड नव्हे

आपल्या वस्त्यांतली अनेक मुले आज टुरिस्ट गाड्या, टेम्पो, जीप चालवतात. कर्ज काढून गाडी घेतात, रात्री-अपरात्री भाडे मारतात. त्यांची तक्रार खरी आहे. कंपनीचे दिवे मंद वाटतात, रस्त्यावर खड्डे असतात, गतिरोधकाला रंग नसतो, बैलगाडीला मागे दिवा नसतो. मग कोणीतरी सांगतो, "झेनॉन टाक, रात्रीचा दिवस होईल." अॅक्सेसरीजच्या दुकानात किट मिळते, अर्ध्या तासात बसते आणि भिंतीवर पांढराशुभ्र उजेड पडला की पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. परंतु खरोखर काय घडले, हे समजून घेतले पाहिजे.

साध्या हॅलोजन बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार तापून उजेड देते. एच-४ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या बल्बमध्ये अशा दोन तारा असतात, एक ५५ वॉटची डिपरसाठी आणि एक ६० वॉटची अप्परसाठी. डिपरच्या तारेखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ती वाटी खालच्या बाजूला जाणारा उजेड अडवते, म्हणून आरशावरून परतणारा झोत समोरच्याच्या डोळ्यांत न जाता रस्त्यावर पडतो. दिव्याचा आरसा आणि काच त्या तारेची जागा मिलिमीटरपर्यंत धरून बनवलेली असतात.

झेनॉन दिव्यात तारच नसते. काचेच्या लहानशा कुपीत झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार असतात. दोन टोकांच्या मधून विजेची ठिणगी सलग जळत राहते आणि तिचा उजेड पडतो. ही ठिणगी पेटवण्यासाठी वीस हजार व्होल्टच्या वर दाब लागतो, म्हणून सोबत बॅलास्ट नावाची पेटी असते. कंपनीतून बसून येणारा डी-२-एस जातीचा झेनॉन दिवा फक्त ३५ वॉट खातो, पण उजेड देतो साधारण ३२०० ल्युमेन. एच-४ ची डिपरची तार देते साधारण १००० ल्युमेन. म्हणजे वीज कमी आणि उजेड तिप्पट. तंत्रज्ञान उत्तमच आहे, याबद्दल वाद नाही. १९९१ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने आपल्या ७ सिरीज गाडीत ते प्रथम आणले. त्यानंतर जगभरच्या महागड्या गाड्यांत ते आले आणि अलीकडे त्याची जागा एलईडीने घेतली.

अडचण तेव्हा सुरू होते, जेव्हा हा तिप्पट उजेड हॅलोजनसाठी बनवलेल्या आरशात कोंबला जातो. ठिणगीचा आकार आणि जागा तारेसारखी नसते. त्यामुळे आरसा उजेड नेमका रस्त्यावर टाकू शकत नाही. तो वर, बाजूला, झाडावर आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत फेकला जातो. चालकाला मात्र वाटते की आपल्याला खूप दिसते आहे. प्रत्यक्षात गाडीच्या पुढचे दहा-पंधरा मीटर लख्ख उजळतात, डोळा त्या उजेडाला सरावतो आणि दूरचा अंधार आणखी गडद होतो.

रंगाचेही तसेच आहे. कंपनीचे झेनॉन साधारण ४३०० केल्विनचे असते, म्हणजे दुधाळ पांढरे. दुकानदार ६०००, ८००० चा आकडा जोरात सांगतो आणि गिऱ्हाईकाला वाटते की आकडा मोठा म्हणजे उजेड मोठा. तो आकडा उजेडाचा नसून रंगाचा आहे! जसजसा तो वाढतो तसतसा प्रकाश निळा होत जातो आणि उपयोगी उजेड उलट कमी होतो. म्हणजे आपण जादा पैसे मोजून कमी उजेड आणि समोरच्यासाठी जास्त त्रास विकत घेतो.

कायदा कोणाच्या डोळ्यांनी पाहतो?

आता कायद्याकडे वळू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ सांगतो की सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, तसेच १५५ मीटरवरचा माणूस किंवा वाहन स्पष्ट दिसत नसेल अशा प्रत्येक वेळी दिवे लावले पाहिजेत. हा नियम चालकाला दिसावे यासाठी आहे. त्याच्या लगेच पुढचा नियम १०६ मात्र चालकाच्या बाजूने पाहतच नाही. तो सांगतो की दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्या व्यक्तीचे डोळे दिपता कामा नयेत. झोत कायम खाली वळलेला असावा किंवा चालकाला तो तसा खाली करता आला पाहिजे.

दीड मीटर ही कोणाच्या डोळ्यांची उंची आहे? रस्त्याच्या कडेने पाण्याची कळशी घेऊन चालणाऱ्या बाईची. सायकलवरच्या कामगाराची. एसटीची वाट पाहत उभ्या असलेल्या म्हाताऱ्याची. कायदा लिहिणाऱ्याने दिव्याचे माप गाडीच्या स्टिअरिंगमागे बसून घेतलेले नाही, ते समोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांवरून घेतले आहे. सगळ्या मुद्द्याचे सार या एका नियमात आहे.

पुढे मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ येते. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने वाहनात करू नये, असे ते सांगते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. यावर काही वकीलमित्र युक्तिवाद करतात की नोंदणी पुस्तकात हेडलाईटच्या बल्बचा उल्लेखच नसतो, आणि कलमातील 'बदल' म्हणजे वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतील बदल. मग बल्ब बदलला तर बिघडले कुठे? युक्तिवाद म्हणून हा ऐकायला बरा आहे. पण तो घेऊन कोणी निश्चिंत राहू नये. कारण कलम ५२ मधून सुटलात तरी नियम १०६ मधून सुटत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ, पोटकलम ४, सुटे भाग बसवून केलेल्या बदलाचा स्पष्ट उल्लेख करते. कायद्याने किंवा नियमांनी परवानगी नसलेला बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी ५००० रुपये दंड किंवा दोन्ही! रस्ता सुरक्षेच्या मानकांचा भंग करणारे वाहन चालवल्यास कलम १९०, पोटकलम २ आहेच. पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने परवान्यासाठी अपात्रता. ज्याचे पोट परवान्यावर आहे, त्याने या शेवटच्या शब्दांचा विचार करावा.

ही कडकाई केवळ आपल्याकडे आहे असेही नाही. ब्रिटनमध्ये गाड्यांची जी वार्षिक तपासणी होते, तिच्यात हॅलोजनच्या दिव्यात झेनॉन बल्ब आढळला तर मोटारगाडी नापास होते. युरोपच्या नियमांत २००० ल्युमेनपेक्षा जास्त उजेडाच्या डिपरला दोन गोष्टींची सक्ती केली गेली. गाडीच्या वजनाप्रमाणे झोत आपोआप खाली-वर करणारी यंत्रणा आणि दिव्याची काच धुणारी फवारणी. कारण मागे चार माणसे बसली की गाडीचे नाक वर होते आणि झोत सरळ समोरच्याच्या तोंडावर जातो. काचेवर चिखल बसला की तोच उजेड चहूकडे विखुरतो. बाजारातल्या किटमध्ये यातले काय असते? दोन बल्ब, दोन पेट्या आणि थोडी वायर!

तपासणी कोणाची आणि सूट कोणाला?

येथे एक कटू गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. रिक्षा, टेम्पो, टॅक्सी यांसारख्या वाहनांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. तेथे त्यांचे दिवेही तपासले जातात. आणि खाजगी मोटारगाडी? तिची नोंदणी एकदा झाली की १५ वर्षे तिला कोणी विचारत नाही. म्हणजे जो पोटासाठी गाडी चालवतो त्याची तपासणी वारंवार, आणि जो हौसेसाठी तीन-चार लखलखते दिवे लावून, बंपरवर आणखी दिव्यांची पट्टी ठोकून हिंडतो, त्याला दीड दशकाची मोकळीक! चौकात कागदपत्रांसाठी टेम्पो अडवला जातो आणि निळ्या-पांढऱ्या दिव्यांची उंच गाडी, तिच्यावर कोणत्या तरी 'दादा'चे नाव असले की सन्मानाने पुढे जाते. हा भेदभाव नाही तर काय आहे?

दुसऱ्या बाजूला मरतो कोण ते पाहा. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. दुचाकीवरचे तर सुमारे ४४ टक्के होते. यातले सगळे झोतामुळे गेले, असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण रस्त्यावरच्या प्रत्येक चुकीची किंमत शेवटी ज्याच्याभोवती पत्रा नाही तोच मोजतो, हे या आकड्यांतून दिसते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. डोळे दिपून चालक दोन सेकंद आंधळा झाला तर गाडी ४४ मीटर आंधळी धावते. या ४४ मीटरमध्ये कोण चालत असेल?

उजेड हवा असेल तर कायदेशीर वाट

मग रात्री गाडी चालवणाऱ्याने काय अंधारात चाचपडायचे? अजिबात नाही. माझ्या ओळखीचा एक तरुण चालक किट बसवण्याआधी माझ्याकडे आला होता. "दादा, केस होईल का ते सांगा, नाहीतर आजच बसवतो," असे म्हणाला. त्याला जे सांगितले तेच येथे क्रमाने सांगतो.

पहिले, दिव्याची काच पाहा. उन्हाने पिवळी पडलेली प्लास्टिकची काच निम्मा उजेड खाऊन टाकते. ती पॉलिश करून घ्या. दुसरे, बल्बपर्यंत पूर्ण वीज पोहोचते का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या वायरिंगमध्ये आणि कळकट अर्थिंगमध्ये व्होल्ट गळतात. रिले टाकून नीट वायरिंग केले तर तोच ६०/५५ वॉटचा बल्ब नव्यासारखा उजळतो. १०० वॉटचा बल्ब मात्र टाकू नका. तो नियमातही बसत नाही आणि होल्डर व वायर वितळवतो. तिसरे, झोत जुळवून घ्या. टायरमध्ये बरोबर हवा भरून, चालक आसनावर बसवून, गाडी सपाट जमिनीवर भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. डिपरच्या झोताची वरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. नेमके प्रमाण अनेक गाड्यांवर दिव्याजवळ छापलेले असते. चौथे, स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांची जी छोटी चकती असते ती शोभेची नाही. मागे माणसे किंवा माल असला की ती फिरवून झोत खाली घ्या.

माझ्या त्या चालकाचे काम एवढ्यावरच भागले. एवढे करूनही झेनॉनच हवे असेल तर कायद्याच्या सर्वांत जवळची वाट अशी. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात कंपनीने झेनॉन दिले असेल तर तो पूर्ण मंजूर दिवा, म्हणजे आरसा किंवा प्रोजेक्टर भिंग, बॅलास्ट, आपोआप जुळणारी यंत्रणा यांसह, अधिकृत केंद्रातून बसवून घ्या. दिव्याच्या काचेवर कोरलेली इंग्रजी अक्षरे वाचा. 'एचसीआर' लिहिले असेल तर तो दिवा हॅलोजनसाठी बनलेला आहे. झेनॉनसाठीच्या दिव्यावर 'डीसी' किंवा 'डीसीआर' अशी अक्षरे असतात. किटच्या खोक्यावर कसलेही शिक्के छापलेले असोत, 'एचसीआर' दिव्यात झेनॉन बल्ब गेला की मंजुरी संपली. हीच गोष्ट आता बाजारात आलेल्या एलईडी बल्बलाही लागू आहे. बाहेरच्या देशातून आलेला जुना दिवा घेत असाल तर आणखी एक काळजी. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून आपला झोत डाव्या कडेला वर चढतो. उजवीकडून चालणाऱ्या देशाचा दिवा आपल्याकडे बसवला तर तो नेमका समोरच्याच्या डोळ्यांत चढतो. काम झाल्यावर पक्के बिल घ्या, विमा कंपनीला आणि परिवहन कार्यालयाला लेखी कळवा आणि पोचपावती जपून ठेवा. हे काम घरी स्वतः करू नका. वीस हजार व्होल्ट हा खेळ नव्हे.

पीडितांनी काय करावे?

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. विम्याबद्दल एक गैरसमज आहे की गाडीत बेकायदा बदल असला की अपघातग्रस्ताला भरपाईच मिळत नाही. असे नाही. त्रयस्थाला भरपाई नाकारण्याची कारणे कलम १५० मध्ये मोजकी आहेत. त्यांत बदललेला दिवा नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते, तो भुर्दंड मालकाचा. पण रस्त्यावर पडलेल्या माणसाचा हक्क तेवढ्यावर बुडत नाही. तसेच 'डोळे दिपले' हा धडक देणाऱ्या चालकाचा बचावही सहसा टिकत नाही. दिसत नसेल तर वेग कमी करून थांबणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

आणि झोत टाकणारी गाडी सापडली तर? दोन वाहनांच्या निष्काळजीपणाने तिसरा माणूस मेला तर त्याचे वारस दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई वसूल करू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले आहे. म्हणूनच ती गाडी नोंदीत येणे महत्त्वाचे आहे. १ एप्रिल २०२२ पासून पोलिसांना अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यावा लागतो. नातेवाइकांनी आणि कार्यकर्त्यांनी त्याच वेळी आग्रह धरला पाहिजे. समोरून आलेल्या वाहनाचा उल्लेख जबाबात घ्या. जवळच्या पेट्रोल पंपाचे, टोलनाक्याचे, ढाब्याचे सीसीटीव्ही चित्रण पुसले जाण्याआधी ताब्यात घ्या. वाहन सापडले तर कलम १३६ खाली त्याची तपासणी करताना दिव्यांची नोंद करा. महिनाभराने माझ्यासारख्या वकिलाकडे आलात तर आमच्या हाती फक्त एक वाक्य उरते, "पांढऱ्या लाईटची गाडी आली."

प्रशासनाकडेही मागणी साधी आहे. झोत मोजण्याचे यंत्र जसे योग्यता तपासणीत वापरतात, तसे ते रात्री महामार्गावरही उभे करा. आणि अडवताना टेम्पो आणि उंच मोटार यांत फरक करू नका. किट विकणाऱ्या दुकानापर्यंतही जा. केवळ बसवणाऱ्या गरीब चालकाला पकडून मूळ संपत नाही.

त्या बाईंच्या प्रश्नाला मी आजही पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. पण रात्री गाडी काढणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती करू शकतो. आज घरी गेल्यावर दिवे लावा, गाडीपासून आठ पावले पुढे जा आणि उजव्या बाजूला थोडे सरकून आपल्याच दिव्यांकडे पाहा. उंच असाल तर किंचित वाका, डोळे दीड मीटरवर आणा. तेथे उभे राहून डोळे मिटावेसे वाटले, तर उद्या सकाळी पहिले काम गॅरेजला जाण्याचे करा.